अर्जनवीसाच्या घरातली इंग्रजी

आमच्या घरात कायद्याचे शब्द भरपूर होते. अब्बू अकोल्यात कचेरीबाहेर अर्जनवीस होते. लिंबाखाली एक टेबल, त्यावर मराठी टाइपरायटर, समोर दोन स्टुलं, एवढाच त्यांचा कारभार. बाळापूर, पातूर, बार्शीटाकळीकडचे शेतकरी त्यांच्याकडे येत. कुणाला वारसाची नोंद करायची असे, कुणाचा धुऱ्यावरून चुलत भावाशी वाद चाले, कुणाला सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून हवं असे. अब्बू निवांत ऐकून घेत आणि मग टाइप करायला लागत. 'मजकूर इसम', 'सबब विनंती की', 'हरकत नोंदवीत आहे', 'मुखत्यारपत्र', 'बक्षीसपत्र', 'तहकूब'. संध्याकाळी दस्तरखानावरही तेच शब्द त्यांच्या तोंडी असत. माझ्या कानाला ते कधी अवघड वाटले नाहीत.

इंग्रजी मात्र घरात नव्हती. वरच्या कोर्टातून एखाद्या पक्षकाराला इंग्रजी कागद आला की अब्बू तो घडी घालून परत देत आणि म्हणत, "हे वकिलाकडे घेऊन जा." तो माणूस आणखी शंभर-दोनशे रुपये घालवून फक्त कागदावर काय लिहिलंय ते विचारायला जाई. अब्बूंना याचं वाईट वाटायचं. मला म्हणायचे, "बेटा, तू आत बस. मेरे जैसा बाहर मत बैठ."

कोर्टाच्या आत बसायचं तर वकिली शिकायची होती, आणि वकिलीच्या दारात इंग्रजी उभी होती.

ए पासून झेडपर्यंत

2008 साली सात राष्ट्रीय विधी विद्यापीठांनी मिळून 'क्लॅट' ही सामाईक प्रवेश परीक्षा सुरू केली. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करायचा असेल, तोही देशातल्या नामांकित संस्थेत, तर ही परीक्षा द्यावी लागे. मी 2010 च्या परीक्षेला बसलो. 200 प्रश्न आणि दोन तास. त्यात इंग्रजीला 40 गुण. महाराष्ट्रात तेव्हा एकही राष्ट्रीय विधी विद्यापीठ नव्हतं. मुंबई, नागपूर आणि औरंगाबादची विद्यापीठं नंतरची. आम्हाला जवळची म्हणजे भोपाळ, रायपूर नाहीतर हैदराबाद.

अकोल्यात या परीक्षेचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. अकरावी-बारावीला मी अमरावतीला खालाच्या घरी राहिलो, नागपुरी गेटजवळ. तिथे एक क्लास होता. तो मुळात बँकेच्या परीक्षांचा. लॉ करणारे आम्ही तिघंच, म्हणून आम्हाला बँकवाल्यांच्या इंग्रजीच्या तासाला बसवायचे. पहिल्या दिवशी सरांनी झेरॉक्सचा एक गठ्ठा हातात दिला. अवघड इंग्रजी शब्दांची यादी, ए पासून झेडपर्यंत. समोर एका ओळीत अर्थ. "रोज पन्नास पाठ करा," एवढीच सूचना.

मी मराठी माध्यमाचा. पाचवीपासून इंग्रजी होती, पण ती धड्यापुरती. यादीतला पहिलाच शब्द 'ॲबेट', मग 'ॲबेयन्स', मग 'ॲबडिकेट'. घरी इंग्रजी-मराठी डिक्शनरी काढली की अर्थ मिळे 'स्थगनावस्था'. म्हणजे इंग्रजी शब्द पाठ करायचा आणि त्याचा मराठी अर्थही पाठ करायचा. दोन्ही सारखेच परके. आठ दिवसांत चारशे शब्द घोकले आणि नवव्या दिवशी त्यातले साठ आठवले.

सुटीत अकोल्याला गेलो तेव्हा गठ्ठा सोबत होता. अब्बू टेबल आवरून आले होते. मी मोठ्यानं वाचत होतो, 'ॲबेयन्स, स्थगनावस्था'. ते म्हणाले, "म्हणजे काय?" मी सांगितलं, एखादं काम काही काळ थांबवून ठेवणं, पण रद्द न करणं. ते हसले. "अरे, तहकूब म्हण ना सरळ."

मग आम्ही त्या रात्री यादी घेऊन बसलो. मी इंग्रजी शब्द वाचून वाक्यात समजावून सांगे, ते त्यांचा शब्द देत. 'ॲबस्कॉन्ड' म्हणजे फरार होणं. 'डिपोनंट' म्हणजे शपथेवर लिहून देणारा. 'एस्चीट' म्हणजे बेवारस इस्टेट सरकारजमा होणं. 'लिटिगंट' म्हणजे पक्षकार. अब्बूंना इंग्रजी स्पेलिंग येत नव्हतं, पण शब्दामागची गोष्ट त्यांनी शंभर वेळा टाइप केलेली होती. त्यांनी सांगितलेला शब्द मी पुन्हा विसरलो नाही. कारण त्या शब्दाला कुणाचा तरी चेहरा होता. 'एस्चीट' म्हटलं की मला आजही पातूरकडची ती म्हातारी आठवते, जिच्या भावाची जमीन वारस नाही म्हणून सरकारजमा व्हायला निघाली होती.

कळप आणि जमात

अमरावतीच्या शासकीय विभागीय ग्रंथालयात मला नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' मिळालं. 1949 साली अमेरिकेत आलेलं हे पुस्तक आज आपल्याकडे प्रत्येक रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर असतं. एमबीए, बँक, स्टाफ सिलेक्शन, कायदा, कोणत्याही परीक्षेचा विद्यार्थी ते घेतो. अर्ध्याहून अधिक मुलं तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात ते सोडून देतात, हेही मी पाहिलं आहे. लुईस शब्द ए पासून झेडपर्यंत देत नाही. माणसांचे स्वभाव, डॉक्टरांचे प्रकार अशा गटांनी देतो आणि प्रत्येक शब्द फोडून त्याचं लॅटिन किंवा ग्रीक मूळ दाखवतो.

एका प्रकरणात 'ग्रेगेरिअस' हा शब्द आहे. म्हणजे माणसांत रमणारा. लुईस सांगतो की लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. मग त्याच मुळापासून 'काँग्रिगेट' म्हणजे एकत्र जमणं, 'सेग्रिगेट' म्हणजे कळपातून वेगळं काढणं, 'ॲग्रिगेट' म्हणजे एकूण जमा, आणि 'एग्रीजिअस' म्हणजे कळपाबाहेर उठून दिसणारा. या शेवटच्या शब्दाचा अर्थ पूर्वी चांगला होता, आज तो वाईट गोष्टीसाठीच वापरतात.

हे वाचताना मला हसू आलं. कारण ही पद्धत मला सात वर्षांचा असताना मकतबात शिकवली होती. आमचे मौलाना अरबीचा तीन अक्षरांचा धातू घेत आणि बोटांवर शब्द मोजत. जीम, मीम, ऐन. त्यापासून जमा, जमात, जुमा, इज्तिमा, मजमा, जामा मशीद. एक मूळ, सगळ्या शब्दांत 'एकत्र येणं' हा अर्थ. काफ, ते, बे. त्यापासून किताब, कातिब, मकतब, मकतूब. जोय, लाम, मीम. त्यापासून जुलूम, जालिम, मजलूम. लुईसचा 'ग्रेक्स' आणि मौलानांचा 'जमा' यांत मला काही फरक दिसेना.

आणि मौलानांनी न सांगितलेले शब्द अब्बूंकडे होते. त्याच 'जमा'पासून तलाठ्याची जमाबंदी आणि दुकानदाराचा जमाखर्च. 'जिक्र'पासून 'मजकूर', म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे तो. 'हक'पासून हक्क, हकीकत, तहकीकात. 'इसम' तर अरबीत नुसतं 'नाव'. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि त्याआधी इमादशाही, निजामशाही, मोगल असं बरंच काही होऊन गेलं. दफ्तरात फारसी मुरली ती अशी. शिवकाळात राजव्यवहारकोश करवून घेऊन या शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरीही वकील, फिर्याद, दावा, जामीन, मुदत, तारीख, जप्ती, अर्ज हे शब्द कचेरीतून हलले नाहीत. विठोबाला नवस बोलणारा शेतकरीही जामीन अरबीतच मागतो. माधवराव पटवर्धनांचा 1925 सालचा फार्शी-मराठी कोश त्याच ग्रंथालयात होता. तो चाळताना जाणवलं की आमच्या घरात जी भाषा 'उर्दू' म्हणून बाजूला ठेवली जाते आणि शाळेत जी 'मराठी' म्हणून शिकवली जाते, त्यांच्यातली भिंत बरीच पातळ आहे.

काही शब्द रस्त्यात बदलतात. मकतबात पहिल्या दिवशी हातात येणारं पुस्तक म्हणजे 'कायदा', अलिफ-बेची अंकलिपी. मराठीत तोच 'कायदा' माणसाला तुरुंगात घालतो. उर्दूत कायद्याला 'कानून' म्हणतात, आणि तो शब्द मूळ ग्रीक 'कॅनॉन'वरून अरबीत आला. इंग्रजीच्या यादीत सी अक्षरापाशी 'कॅनन' होता, म्हणजे प्रमाण नियम. तो मी पाठ केला नाही. तो आमचाच होता.

असे बरेच निघाले. 'झीरो' आणि 'सायफर' दोन्ही 'सिफ्र'वरून. 'ॲल्जिब्रा' 'अल्-जब्र'वरून. 'टॅरिफ' 'तारीफ'वरून, अरबीत तारीफ म्हणजे माहिती करून देणं. 'मॅगझिन' 'मखजन'वरून, म्हणजे गोदाम. आणि ज्या अमरावतीत कॉटन मार्केट नावाचा भागच आहे, तिथल्या त्या 'कॉटन'चं मूळ अरबी 'कुत्न'. वऱ्हाडातल्या कापसाला इंग्रजांनी दिलेलं नाव मुळात इंग्रजी नव्हतंच.

यादीतले दोन शब्द जोडीनं विचारले जातात, 'झेनिथ' आणि 'नेडिर'. शिखर आणि तळ. दोन्ही अरबी खगोलशास्त्रातून गेलेले. 'नेडिर' हा 'नजीर', म्हणजे समोरासमोरचा, जोडीचा. उर्दू वकिली भाषेत 'नजीर' म्हणजे पूर्वीच्या निकालाचा दाखला, इंग्रजीत 'प्रेसिडन्ट'. एका परीक्षेच्या यादीतला शब्द आभाळातून निघून थेट कोर्टात आला.

शब्दाचा अर्थ कळला म्हणजे शब्द आला, असं नाही

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मूळ शोधत बसलं की परीक्षा निघते. तसं नसतं. मूळ कळल्यानं शब्द डोक्यात राहतो, पण तो कुठे बसतो ते कळत नाही. 'फ्रूगल', 'थ्रिफ्टी', 'पार्सिमोनिअस', 'मायझरली' या चारही शब्दांसमोर माझ्या झेरॉक्सवर एकच अर्थ होता, 'काटकसरी'. प्रश्नात वाक्य येई की आजीनं पै पै साठवून नातवंडांना शिकवलं, आणि पर्यायांत हे चारही. पहिल्या दोघांत कौतुक आहे, शेवटच्या दोघांत टोमणा आहे. आपल्याकडे 'किफायती' म्हटलं तर माणूस खूश होतो आणि 'कंजूष' म्हटलं तर भांडायला उठतो. शब्दाला मान असतो, वजन असतं, आणि ते यादीत लिहिलेलं नसतं. ते वाचनातून येतं.

वाचायला काय होतं? घरी 'देशोन्नती' येई, चहाच्या टपरीवर 'लोकमत'. इंग्रजी पेपर म्हणजे नागपूरचा 'हितवाद', गोखल्यांनी 1911 साली सुरू केलेला. अमरावतीत मी तो ग्रंथालयात वाचायचो, रोज एक अग्रलेख. सुरुवातीला एका अग्रलेखाला दीड तास लागे. चार महिन्यांनी वीस मिनिटं. माझ्या इंग्रजीत जी काही भर पडली ती त्या चार महिन्यांत पडली, गठ्ठ्यानं नाही.

2010 ला माझा नंबर लागला नाही. इंग्रजी बरी गेली, सामान्यज्ञान आणि तर्काच्या प्रश्नांत मागे पडलो. पुन्हा एक वर्ष थांबण्याइतके पैसे घरात नव्हते. बी.ए. केलं, पत्रकारितेकडे वळलो, आणि शब्दांवरच पोट भरलं. अब्बूंनी कधी बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, "तेरे बच्चे, नहीं तो तेरी बहन के बच्चे."

आपाची मुलगी

ती बहिणीची मुलगी निघाली. आपा अकोल्यात ताजनापेठेकडे राहते. दुल्हेभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. भाची दहावीला चांगले गुण मिळवून आली आणि तिनं जाहीर केलं की तिला वकील व्हायचं आहे. नानांच्या टेबलाचा परिणाम, दुसरं काय. मी अमरावतीला असतो. दर रविवारी अकोल्याला जायला लागलो. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. याच रस्त्यावर जून 2022 मध्ये लोणी ते माना 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी या रस्त्यानं वऱ्हाडच्या माणसांची किती वर्षं हाडं मोडली, त्याची नोंद कुठल्या बुकात नाही.

आपाला सगळं मान्य होतं, फक्त शब्द मान्य नव्हते. "इतने लफ्ज पाठ करके क्या करनेवाली ये? निकाह में अंग्रेजी पूछते क्या?" दुल्हेभाई गप्प बसत. त्यांची चिंता वेगळी होती. क्लॅटचा नुसता अर्ज भरायला 4,000 रुपये. नंबर लागला तर वर्षाला दोन लाखांच्या पुढे फी. आणि मुलगी एकटी परगावी.

दरम्यान परीक्षा बदलली होती. 2020 पासून क्लॅटमध्ये सुट्या शब्दांचे प्रश्न जवळजवळ गेले. आता साडेचारशे शब्दांचे उतारे येतात आणि त्यावर प्रश्न. डिसेंबर 2023 पासून एकूण प्रश्न 150 वरून 120 झाले. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. शब्दांची घोकंपट्टी गेली म्हणून अनेकांनी आनंद मानला. घोकंपट्टी मलाही आवडत नाही. पण विचार करा, हा बदल कुणाच्या फायद्याचा झाला? यादी पाठ करायला पैसा लागत नव्हता. बैदपुऱ्यातला मुलगाही रात्री जागून ती पाठ करू शकत होता. उतारा झरझर वाचायला मात्र लहानपणापासून घरात इंग्रजी पुस्तकं आणि इंग्रजी बोलणारी माणसं लागतात. शब्द पाठ करून मिळवता येतो, सवय तशी मिळत नाही. दार तेच आहे, कुलूप बदललं आहे.

सच्चर समितीनं 2006 साली सांगितलं होतं की देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या 25 विद्यार्थ्यांत एक मुस्लीम असतो आणि पदव्युत्तरला 50 मध्ये एक. लोक या आकड्याचं कारण मदरसा म्हणून सांगतात. त्याच समितीनं हेही नोंदवलं की मदरशात जाणारी मुलं अगदी थोडी आहेत. बाकीची आपल्यासारखीच जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, उर्दू आणि मराठी शाळांत असतात. म्हणजे अडचण मदरशाची नसून दहावी-बारावीनंतरच्या त्या एका दाराची आहे.

या दाराचं दुखणं ओळखलेला एक माणूस होऊन गेला, प्रा. शमनाद बशीर. मूळ केरळचे, बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातून शिकलेले, पुढे कोलकात्याला प्राध्यापक. 2010 मध्ये त्यांनी 'इडिया' ही चळवळ सुरू केली. गरीब, खेड्यातली, अपंग, भारतीय भाषांतून शिकलेली मुलं शोधायची, विधी विद्यापीठातल्याच विद्यार्थ्यांनी त्यांना शिकवायचं आणि क्लॅटमधून आत न्यायचं. 2019 साली बशीर सर अचानक गेले, पण त्यांनी तयार केलेली मुलं आज वकील आहेत. मी भाचीला त्यांची गोष्ट सांगितली तेव्हा तिनं विचारलं, "मामू, मग परीक्षाच मराठीत का घेत नाहीत?"

प्रश्न बरोबर आहे. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नेमकी हीच मागणी घेऊन एक याचिका गेली. बार कौन्सिल ऑफ इंडियानंही मागणीला पाठिंबा दिला. डॉक्टर होण्यासाठीची 'नीट' 13 भाषांत देता येते, त्यात मराठीही आहे आणि उर्दूही. मग वकील होण्यासाठी एकच भाषा का? मी तिला सांगितलं, मागणी रास्त आहे, ती करत राहायला हवी. पण संविधानाच्या 348 व्या कलमानं उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी ठेवली आहे. प्रवेश मराठीतून मिळाला तरी एक दिवस तुला इंग्रजी निकालपत्र उघडावं लागेल. नानांना जो कागद घडी घालून परत द्यावा लागायचा, तो तू द्यायचा नाहीस.

चार रकान्यांची वही

आम्ही यादी टाकून दिली नाही, तिला वही केली. पानावर चार रकाने. पहिल्यात इंग्रजी शब्द. दुसऱ्यात मराठी, पण बोलण्यातली, डिक्शनरीतली नाही. तिसऱ्यात घरचा शब्द, उर्दू किंवा वऱ्हाडी, जो असेल तो. चौथ्यात त्या शब्दाचं एक वाक्य, बातमीतून किंवा निकालातून उतरवलेलं. चौथा रकाना रिकामा असेल तर शब्द आला असं धरायचं नाही. रोज फक्त दहा शब्द. तेच दहा तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि महिन्याच्या शेवटी पुन्हा. दीड वर्षात दोन वह्या भरल्या.

एका रविवारी तिनं 'ॲक्विट' आणि 'डिस्चार्ज' हे दोन शब्द काढले. आमच्या मोहल्ल्यात दोन्हींना एकच शब्द आहे, 'बरी'. बाइज्जत बरी. एप्रिल 2016 मध्ये मालेगावच्या 2006 च्या स्फोटांतल्या मुस्लीम आरोपींना मुंबईच्या विशेष न्यायालयानं सोडलं, तेव्हाही सगळे म्हणाले, बरी झाले. पण ते 'डिस्चार्ज' होते. म्हणजे खटला चालवण्याइतकाही पुरावा नाही म्हणून दोषमुक्त. पुढे जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं 2006 च्या लोकल स्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं, ते 'ॲक्विट'. खटला पूर्ण चालला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आणि एकोणीस वर्षांनी पुरावा टिकत नाही असं ठरलं. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा निकाल 'प्रेसिडन्ट' म्हणून वापरता येणार नाही. भाचीचा फोन आला, "मामू, नजीर नाही धरायची म्हणतायत." शब्द तिला बरोबर आठवला होता, जागाही बरोबर होती.

या शब्दांच्या फरकात माणसांची एकोणीस-एकोणीस वर्षं आहेत. म्हणून अवघड इंग्रजी शब्द शिकणं म्हणजे साहेबी मिरवणं असं मला वाटत नाही. आपल्या मोहल्ल्यात इंग्रजी शब्द वापरणाऱ्याला अजूनही "बहुत अंग्रेज हो गया" म्हणून चिडवतात. चिडवणाऱ्याच्याच दारात नोटीस येते तेव्हा तो त्या अंग्रेजालाच शोधत येतो.

डिसेंबर 2024 ला भाचीनं नागपूरला जाऊन क्लॅट दिली. आपा सोबत गेली होती, केंद्राबाहेर तस्बीह घेऊन बसली. इंग्रजीच्या उताऱ्यांत तिला चांगले गुण पडले. एकूण रँक मात्र राष्ट्रीय विधी विद्यापीठापर्यंत पोहोचला नाही. मग राज्याची सीईटी दिली. तिथे 120 प्रश्नांत 24 इंग्रजीचे, समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, म्हणजे जुन्या वळणाचे. चुकीला गुण कापत नाहीत. दोन वह्यांचा तिथे उपयोग झाला. तिला अमरावतीत पाच वर्षांच्या लॉला प्रवेश मिळाला. आता ती आमच्याकडे राहते. दुल्हेभाईंना फीचा आकडा झेपला आणि आपाला घरचा पत्ता पटला. मुलगी खूश आहे का? आहे, पण भोपाळ-हैदराबादचं नाव निघालं की थोडी शांत होते. मी समजूत घालायला जात नाही. ज्या दारापर्यंत ती गेली ते तिचं हक्काचं होतं, आणि ते अजूनही अरुंद आहे. एवढं तिला कळायला हवं.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अकरावी-बारावीची मुलं असतील, त्यांनी ही वही करून पाहावी. पुस्तक जुनं घेतलं तरी चालतं. महागड्या क्लासपेक्षा जवळच्या ग्रंथालयाचं कार्ड काढा. इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख रोज मोठ्यानं वाचायला लावा, उच्चार चुकले तरी हसू नका. आणि तिसरा रकाना भरायला मुलांना घरातल्या वयस्क माणसांजवळ बसवा. अर्जनवीस, तलाठी, शिंपी, हकीम, अडत्या, दाई, प्रत्येकाकडे शब्दांचा साठा आहे आणि तो त्यांच्याबरोबर चालला आहे.

भाचीनं अलीकडे पाचवा रकाना सुरू केला आहे. त्यात ती शब्द कुणाकडून मिळाला त्याचं नाव लिहिते. पहिल्या वहीतली जवळजवळ चाळीस पानं एकाच नावावर आहेत, नाना. तिच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी, एक दर्यापूरची आणि एक चांदूर बाजारची, दोघीही मराठी माध्यमाच्या, ती वही झेरॉक्स करायला घेऊन गेल्या आहेत. अजून परत आलेली नाही.